खाली बसवलेली गाडी

पाऊस उघडला की आमच्याकडे रस्ते दुरुस्तीला घेतात. खांदा कॉलनीच्या कोपऱ्यावर डांबराचं पिंप चढतं, खाली लाकडं धुमसत असतात, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या बायका घमेल्यांनी खड्ड्यांत खडी ओततात. त्या वासाला ऊन चिकटलेलं असतं. ऑक्टोबरचं, पाठीवर येऊन बसणारं ऊन. पलीकडे, जिथं अजून इमारती उठलेल्या नाहीत तिथं, कापून पसरलेल्या भाताचा वास असतो. हे दोन वास एकमेकांत मिसळत नाहीत, नुसते शेजारी शेजारी उभे राहतात. मी नाकाला रुमाल लावून पुढे जाते. लोकांना वाटतं, हिला डांबराचा त्रास होतो.

माझा त्रास वेगळा आहे. याच दिवसांत खाली बसवलेल्या गाड्या बाहेर येतात. पावसाळाभर त्या कव्हराखाली झाकलेल्या असतात, कारण खड्ड्यांत त्यांची पोटं घासतात. रस्ता जरा सपाट झाला की त्या निघतात, जमिनीला धरून, सावकाश, आपल्याकडे कोण बघतंय ते बघत. चाकावरची पत्र्याची कड इतकी उतरलेली, की चाक अर्धं गाडीच्या आत गेल्यासारखं दिसतं. पोरं मान वळवून बघतात. मीही बघते. फक्त मी गाडी बघत नाही, चाक आणि पत्रा यांच्यामधली फट बघते. ती किती बोटांची आहे ते मला लांबूनही कळतं, आणि हे कळणं मला नको असतं.

बोटांनी मोजायला मला दादानं शिकवलं. चाकाच्या डोक्यावर हात आडवा ठेवायचा आणि पत्र्याखाली किती बोटं शिरतात ते बघायचं. कारखान्यातून आलेल्या गाडीत चार बोटं सहज जातात, कधी पूर्ण पंजा जातो. ही फट दादाला सहन व्हायची नाही. "तोकडी पँट घातल्यासारखी दिसते गाडी," तो म्हणायचा. त्याला दोन बोटं हवी होती. मी माझी बोटं घालून बघितली तर तो हसला. "तुझी नकोत गं. तुझी दोन म्हणजे माझं एक."

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. तो मराठी शाळेत गेला. माझ्या वेळेपर्यंत बाबा तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर झाले होते, म्हणून मी कॉन्व्हेंटमध्ये. आमच्या घरात इंग्रजी माझ्या वाट्याला आलं आणि बाकी बरंचसं दादाच्या: मित्र, बाईक, रविवार, मोठ्यानं हसणं. मला बोलायला जमायचं नाही. शाळेत इंग्रजी बोलताना मध्येच मराठी शब्द यायचा आणि मुली बघायच्या. घरी मराठीत इंग्रजी यायचं आणि पाहुणे बघायचे. मग मी दोन्हीकडे गप्प राहायला लागले. त्याचा एक फायदा झाला, असं मला तेव्हा वाटायचं. मी कमी बोलायचे, म्हणून मी बोलले की घरातले ऐकायचे.

गाडी बाबांची. चंदेरी रंगाची साधी हॅचबॅक, कुणीतरी आधी वापरलेली, पण आमच्याकडे आल्यावर नवी झालेली. रविवारी सकाळी बाबा लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून, बादली आणि जुनी बनियन घेऊन ती पुसायचे. चालवायचे कमी, पुसायचे जास्त. चालवायचा दादा.

त्या वर्षी पावसाळा संपत आला तेव्हा घरात इंटरनेट नुकतंच चांगलं चालायला लागलं होतं. संध्याकाळी मी कॉम्प्युटरसमोर आणि दादा शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर फरसाणाची वाटी. गाड्यांच्या वेडानं पछाडलेल्या लोकांची एक साइट होती. सगळं इंग्रजीत. दादा फोटो बघायचा, मी खालचं वाचायचे.

"काय म्हणतोय तो गोरा?"

"म्हणतोय, स्प्रिंग कापू नका."

"सगळे कापतात. दामूशेठ अर्ध्या तासात कापून देतो."

"ऐक तर. कापली की ती आखूड होते, पण काम तेच करावं लागतं तिला. आणि गाडी खड्ड्यात उडाली की आपल्या जागेवरून सुटू शकते. खाली बसवायच्या वेगळ्या स्प्रिंगा मिळतात. मुळातच आखूड आणि कडक. त्यांच्याबरोबर शॉकॲब्सॉर्बरही बदलायचे."

हे मी हातांनी करून दाखवलं. एक तळवा खाली, एक वर, मध्ये हवा. दादा फरसाण खायचा थांबला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. "मने, तू तर मेकॅनिक झालीस."

कुणी माझं कौतुक केलं की मी लगेच विषय बदलते. त्या संध्याकाळी बदलला नाही.

पुढे मी त्या साइटवर दादाच्या नावानं लिहायला लागले. आम्ही कुठल्या स्प्रिंगा बघतोय, आमचा विचार काय, आमच्याकडचे रस्ते कसे. लोक उत्तरं द्यायचे. सगळे मला 'ब्रो' म्हणायचे. तोंड दिसत नव्हतं, आवाज ऐकू जात नव्हता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसांशी न अडखळता बोलत होते. कोइमतूरचा कुणी विचारायचा, ब्रो, कापून घेतल्या तर चालतील का. मी त्याला सविस्तर आणि थोडं कडक उत्तर द्यायचे. कापलेल्या टोकांचे फोटो जोडायचे. शेवटी लिहायचे, घाई असेल तर गाडी आहे तशीच ठेवा. दादाला ते वाचून दाखवलं की तो म्हणायचा, "बरोब्बर. असंच पाहिजे."

राहिले बाबा.

ते पहिल्या पाळीहून आले होते. पाय वर करून बसले होते, कारण वर्षानुवर्षं लोखंडी जाळीवर उभं राहून त्यांचा उजवा गुडघा गेलेला होता. आई भाजी निवडत होती. दादानं विषय काढला तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला नाही.

"गाडी बैठी करायचीय म्हणे तुला."

"बाबा, रस्त्याला पकडून चालते. वळणावर तर एकदम..."

"गाडीत बसायचं असतं. शिरायचं नसतं."

आई म्हणाली, "मला तर आत्ताच उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो."

दादा माझ्याकडे बघायला लागला. बाबांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि तेही माझ्याकडे वळले.

"मनू, तू वाचलंयस ना हे सगळं?"

"हो."

"मग तू सांग. उद्या नको वाटलं तर परत होती तशी होते का गाडी?"

"होते. जुन्या स्प्रिंगा जपून ठेवायच्या. केव्हाही परत बसवता येतात."

"नक्की?"

"नक्की."

"ऐकलंस गं?" बाबा आईला म्हणाले. "मनू म्हणतेय म्हणून हो म्हणतोय. याचं ऐकून नाही."

मनू म्हणतेय म्हणून. ते वाक्य मी कित्येक दिवस बरोबर घेऊन फिरत होते. कॉलेजात, रिक्षाच्या रांगेत, आंघोळ करताना. बाबांनी इतक्या मोठ्या गोष्टीवर माझा शब्द घेतला होता, आणि माझा शब्द पक्का होता. मी तो वाचून, तपासून दिला होता.

ज्या दिवशी काम झालं त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. स्प्रिंगा परस्पर गॅरेजवर आल्यात, असं दादा म्हणाला. संध्याकाळी मी फाटकातून आत आले तर गाडी खाली उभी होती आणि मला ती क्षणभर ओळखूच आली नाही. तीच गाडी, पण खांदे पाडून बसलेल्या कुत्र्यासारखी, झेप घ्यायच्या आधीची. सुंदर दिसत होती. हे मला आजही नाकारता येत नाही. मी वाकून चाकामागे पाहिलं. आत लाल रंगाची स्प्रिंग चमकत होती. आपण फोटोत बघितलेली, नावागावासकट माहीत असलेली गोष्ट आपल्याच गाडीत बसलेली बघताना होतो तसा आनंद मला झाला.

"हे घे," दादा म्हणाला. त्याच्या हातात गोणपाट होतं, तोंड सुतळीनं बांधलेलं, जड. "जुन्या स्प्रिंगा. तुझ्या ताब्यात."

मी ते दोन्ही हातांनी धरून वर नेलं. न्हाणीघरावरच्या माळ्यावर गणपतीचं मखर होतं, त्याच्यामागे सरकवलं. वर जुनी चादर टाकली. त्या पोत्याची मला काळजी वाटायची. पुढे उगाचच एकदा शिडी लावून मी ते जागेवर आहे ना, ते बघूनही आले.

दुसऱ्या दिवशी मी चाकावर हात आडवा घातला. दादाचीच बोटं मागून घेतली. दोन जाईनात. एक गेलं, दुसरं अडकलं.

"एवढी कशी बसली? आपण वाचलं होतं तेवढी नाही ही."

"स्प्रिंगा सेट होतात गं वजनानं. तूच वाचलेलंस."

मी खरंच वाचलं होतं. माझंच वाचलेलं त्यानं मला परत दिलं, आणि मी ते घेतलं.

गाडी उडायची. पळस्प्याकडे जाताना पुलाच्या जोडावर पुढची चाकं अशी आपटायची की दातावर दात बसावा. आई वरचा दांडा धरून बसायची. "पूर्वी या गाडीत पोटातलं पाणी हलायचं नाही," ती म्हणायची, "आता पोटच हलतं." दादा म्हणायचा, सवय होईल. मी म्हणायचे, नवीन शॉकॲब्सॉर्बरना थोडा वेळ लागतो. मागे बसून मी त्या गाडीची बाजू घ्यायचे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी हायवेलगतच्या एका मोकळ्या जागेत अशा गाड्यांची सगळी मंडळी जमली. दादा मला घेऊन गेला. बॉनेट उघडी टाकून गाड्या रांगेत उभ्या होत्या, पलीकडच्या खाचरात बायका भाताचे भारे बांधत होत्या आणि मधूनच कंबर सरळ करून इकडे बघत होत्या. साइटवर ज्यांच्याशी मी बोलले होते ते सगळे तिथं होते. मी त्यांना त्यांच्या वाक्यांवरून ओळखत होते. एकजण दादाचा हात हातात घेऊन म्हणाला, तुमचं ते कापण्याविरुद्धचं लिहिलेलं वाचून मी थांबलो, नाहीतर त्याच आठवड्यात कापून घेणार होतो.

दादा म्हणाला, "नेव्हर कट. घाई असेल तर गाडी आहे तशीच ठेवायची."

मग त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. दादा म्हणाला, "ही बहीण माझी. हिला यातलं काही कळत नाही, फिरायला आलीय." आणि मला डोळा मारला. मी खाली बघून हसले. ते आमचं दोघांचं गुपित आहे, असं मी समजत होते. एका गुपितात आपण आहोत एवढ्यानं मी इतकी खूश होते, की त्याच्या आत आणखी एक आहे आणि त्यात मी नाही, हे मनातही आलं नाही.

दिवाळीच्या आधी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. बरेच दिवस टळत होतं, ते एकदाचं झालं. डॉक्टर राउंडला आले तेव्हा आम्ही सगळे खोलीत होतो. खाली मांडी घालायची नाही, खुर्ची उंच हवी, त्यांनी सांगितलं. गाडी कुठली आहे? फार खाली बसावं लागत असेल तर निदान सुरुवातीला तिच्यातून नेऊ नका.

ते गेल्यावर मी म्हणाले, "गाडीचं काही नाही. जुन्या स्प्रिंगा आहेत ना. बाबा घरी यायच्या आत बदलून घेऊ."

मी न विचारता बोलले होते. माझ्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट होती. आई मोसंबं सोलत होती, ती फोडीवरचे पांढरे धागे काढत राहिली. दादा मोबाइल बघत होता. बाबा छताकडे बघत होते, पंख्याकडे. मला वाटलं, दुखत असेल.

ती शांतता मी पुढे खूप वेळा ऐकली. आजही ऐकते.

गाडी पुढून खडखडत होती म्हणून दादानं ती दामूशेठकडे टाकली होती आणि स्वतः उरणकडच्या गोदामात कामावर जात होता. स्प्रिंगांचं मी दोनदा विचारलं तर म्हणाला, बघू, वेळ काढतो. मग मी ठरवलं, आपणच जायचं. गाडी उघडलेलीच आहे, एका कामात दुसरं होऊन जाईल. मी माळ्यावरून पोतं काढलं, रिक्षात पायाशी ठेवलं आणि पळस्प्याच्या अलीकडे दामूशेठच्या गॅरेजवर गेले. एकटी. रिक्षातून उतरायच्या आधी काय बोलायचं ते मनात म्हणून घेतलं.

दामूशेठचं गॅरेज म्हणजे त्याच्याच शेताच्या बांधावर उभी केलेली पत्र्याची शेड. तो खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होता. आमची गाडी दोन ठोकळ्यांवर उभी होती, पुढची चाकं काढलेली.

"ये पोरी. भाऊ नाय आला?"

"कामावर आहे. या जुन्या स्प्रिंगा आणल्यात. ह्याच परत बसवायच्यात. बाबांचं ऑपरेशन झालंय."

त्यानं बशी खाली ठेवली, सुतळी सोडली, आत हात घातला आणि एक स्प्रिंग बाहेर काढून उजेडात धरली. "ह्या तुमच्या नाय. ह्या तं जीपच्या हायत."

"आमच्याच आहेत. त्या दिवशी तुम्हीच काढल्या ना?"

"तुमच्या तं गाडीतच हायत. जातील कुठं?" तो म्हणाला, अगदी सहज. "बग ना, वाकून बग."

मी वाकले. चाक नव्हतं, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर होतं. लाल स्प्रिंग. तिचं खालचं टोक उसाचं कांडं कोयत्यानं तोडावं तसं तोडलेलं होतं. ग्राइंडरच्या पात्याचे बारीक ओरखडे होते, कडेला लोखंड निळसर काळं पडलेलं, आणि तिथवर लाल रंग नीट पोचलेला नव्हता. मोकळ्या राहिलेल्या गोलात गंज धरला होता. हे टोक मी ओळखत होते. असे फोटो मीच लोकांना पाठवले होते.

"कापलीय," दामूशेठ माझ्या मागे उभा राहून म्हणाला. "तुज्या भावानंच सांगितलं, अजून काप, अजून काप. लाल रंगाचा डबा बी त्यानंच आनला."

"आणि हे पोतं?"

"भंगारातनं त्यानंच भरलं. मी बोललो, कशाला रं वज्जा नेतंस? तं बोलला, घरी दाखवाया लागंल."

घरी म्हणजे कुणाला, ते त्याला माहीत नव्हतं. माझा चेहरा पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं ती जीपची स्प्रिंग परत पोत्यात टाकली. मग म्हणाला, "चाय घेतंस?" मी नको म्हटलं. त्याच्यावर राग धरायला जागा नव्हती. त्यानं काही लपवलं नव्हतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पोतं तिथंच ठेवून मी रस्त्यावर आले. ऊन कलत होतं. समोर डांबराचा रोलर पुढे मागे, पुढे मागे जात होता, आणि मी रिक्षाला हात करायचा विसरून बराच वेळ तो बघत उभी होते.

दादा संध्याकाळी आला. तो बुटाची नाडी सोडत होता तेव्हा मी म्हणाले, "दामूशेठकडे गेले होते मी. पोतं घेऊन."

त्याचा हात थांबला, मग परत नाडीवर गेला. "त्या स्प्रिंगा यायला दीड महिना लागला असता, मने. तोवर गाड्यांची ती मीट होऊन गेली असती. आणि आल्या असत्या तरी एवढी बसली नसती गाडी. बघितलंस ना कशी दिसते."

"मग मला सांगायचं होतं."

"तुला सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस." त्यानं वर पाहिलं. चेहऱ्यावर ओशाळलेपण होतं आणि थोडं हसूही होतं. "तुला खोटं बोलता येत नाही. म्हणून तर तुला खरं सांगितलं नाही."

हे तो कौतुकानं म्हणाला होता. माझ्या प्रामाणिकपणाचं इतकं स्वच्छ कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. तो मला हत्यारासारखं वापरत होता असं मी म्हणणार नाही. हत्यार कसं आहे ते बघून, पुसून, जागेवर ठेवतात. मी शिक्क्यासारखी होते. कागदावर काय लिहिलंय ते शिक्क्याला कळण्याची गरज नसते.

आता माझ्यापुढे एकच गोष्ट होती. बाबांना मी शब्द दिला होता, आणि तो खोटा निघाला होता. ते दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मला सांगायचं होतं. बाबा शेजाऱ्यांच्या गाडीतून घरी आले. हॉलमध्ये उंच खुर्चीत, पाय स्टुलावर. मी दोन दिवस वाक्य जुळवत होते. आधी इंग्रजीत जुळवलं, कारण इंग्रजीत लाज थोडी कमी वाटते, मग त्याचं मराठी केलं.

"बाबा, गाडी आता होती तशी होणार नाही. मी तुम्हाला नक्की म्हणाले होते, पण स्प्रिंगा बदललेल्या नाहीत, मूळच्याच कापल्यात. मला माहीत नव्हतं."

बाबांनी गुडघ्यावरच्या पट्टीची घडी सारखी केली. "मला माहीत आहे."

"दादानं आज सांगितलं?"

"नाही गं. गाडीचं काम झालं त्याच आठवड्यात सांगितलं होतं त्यानं. आला, रडवेला झाला, म्हणाला चूक झाली. आता कापलेलं काय जोडता येतं का? तरुण पोरगा आहे, हौस असते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच म्हटलं त्याला, मनूला कळू देऊ नको. तिला लागेल. तिनं एवढं खात्रीनं सांगितलं होतं."

स्वयंपाकघरात झाऱ्याचा आवाज येत होता, तो थांबला. थोड्या वेळानं आई बाहेर आली. तिनं चहा ठेवला आणि काहीच न झाल्यासारखं म्हणाली, "घे, निवतोय." म्हणजे तिलाही.

मी चहा घेतला. काय करणार होते?

म्हणजे दवाखान्याच्या खोलीत मी जेव्हा म्हणाले, जुन्या स्प्रिंगा आहेत ना, तेव्हा त्या खोलीत ते खरं मानणारी मी एकटीच होते. पुलाच्या जोडावर आपटत असताना मी मागच्या सीटवरून नव्या शॉकॲब्सॉर्बरची बाजू घेत होते आणि पुढचे दोघं ऐकून घेत होते. आई दांडा धरून बसलेली, तीही. कदाचित त्यांना माझी दया येत असेल. लहान मूल खोटं खोटं स्वयंपाक करतं आणि सगळे वाटी तोंडाला लावून वा वा म्हणतात, तशी.

आणि मग हळूहळू, त्या हिवाळ्यात नाही, पुढच्या वर्षीचा पाऊस उघडल्यावर केव्हातरी, मला पहिली संध्याकाळही नीट दिसली. पेपर घडी करून बाबा माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं. मुलाला हो म्हणायचंच होतं. फक्त आईसमोर तो होकार त्यांच्या तोंडून निघायला नको होता, म्हणून त्यांनी तो माझ्या तोंडून काढला. मी नाही म्हणाले असते तर त्यांनी आणखी कुठला तरी रस्ता शोधला असता. माझ्या शब्दाला घरात किंमत होती हे खरं. ती कुठल्या कामासाठी होती, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

दादा आता कामोठ्यात राहतो. त्याची गाडी उंच आहे, मोठ्या चाकांची, तिच्यात चढायला पायरी लागते. त्याची मुलगी मला आत्तू म्हणते आणि माझ्या मांडीवरच झोपते. माझं अपेंडिक्सचं दुखणं निघालं तेव्हा तो कामावरून थेट, भर पावसात दोन तास गाडी चालवत आला होता. तो वाईट माणूस नाही. बाबाही नाहीत. वाईट असते तर सोपं झालं असतं, मी केव्हाच उठून गेले असते. या माणसांनी माझं काही घेतलं नाही. मला न सांगता माझ्या मागे एक दार लावून घेतलं, आणि तेही मला वारा लागू नये म्हणून.

त्या साइटवर मी नंतर काही लिहिलं नाही. लिखाण मात्र तिथं अजून आहे, दादाच्या नावाखाली. अधूनमधून कुणीतरी नवखा ते वाचतो आणि खाली आभार मानतो. घरी अजूनही कधीतरी, फ्लॅटचं असो की कुणाच्या लग्नाचं, बाबा म्हणतात, मनू काय म्हणते ते बघू. मी म्हणते, मला त्यातलं काही कळत नाही. लोकांना तो माझा लाजाळूपणा वाटतो.

बाबांचे टाके काढायला जायचं होतं ती सकाळ मला सगळ्यात स्वच्छ आठवते. दिवाळी होऊन गेली होती, हवेत जरा गारवा आला होता. दामूशेठकडून गाडी परत आली होती आणि दादानं ती धुऊन फाटकाशी लावली होती. पुढच्या सीटवर उंचीसाठी दोन उशा रचल्या होत्या. मी कोपऱ्यावरून रिक्षा बोलावून आणली, कारण रिक्षाची सीट उंच असते आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मी ऐकलं होतं. रिक्षा एका बाजूला, गाडी एका बाजूला, आणि मध्ये वॉकरवर दोन्ही हात टेकून बाबा. दादा दार उघडून उभा होता. 

बाबा थांबले. "काय करू या मनू? तू सांग."

"तुम्ही ठरवा, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ सलग त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग वॉकर माझ्या हातात दिला, एक हात गाडीच्या टपावर ठेवला, दुसरा दादाच्या खांद्यावर, आणि ते खाली उतरायला लागले. कण्हले. मध्येच अडकले. दादानं त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. "बसतंय रे," बाबा दात आवळून म्हणाले. "बसतंय, बसतंय." दादाचे डोळे भरले होते. आई मागे बसली. डिकीत दादाचा गाण्यांचा मोठा वूफर होता, वॉकरला जागा नव्हती. म्हणून वॉकर आणि मी रिक्षात.

दादा पुढे चालला होता, अगदी हळू. गतिरोधक आला की गाडी तिरकी करून एकेक चाक चढवायचा, तरी खालून पत्रा घासल्याचा आवाज यायचा आणि मागच्या काचेतून बाबांचं डोकं हललेलं दिसायचं. आम्हाला त्यांच्यामागे रखडावं लागत होतं.

"आयला, ही गाडी हाय का पाट?" रिक्षावाला म्हणाला. मग आरशातून माझ्याकडे बघत, "ताई, तुमचीच मानसं हायत ना ती फुडं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं माझ्या मांडीवर आडव्या धरलेल्या वॉकरकडे पाहिलं. "मंग घेतो फुडं," तो म्हणाला आणि त्यानं हॉर्न दिला. आम्ही गाडीच्या अगदी जवळून गेलो, हात बाहेर काढला असता तर टपाला लागला असता. मी समोर बघत होते.